मुसलमान बायबल मानतात का?

मागच्या आठवड्यात कँटीनमध्ये एकाने चहा ढवळत प्रश्न टाकला, "अरे, मुसलमान लोक बायबल मानतात का रे?" टेबलावर सहाजण, सगळे सॉफ्टवेअरवाले. त्यामुळे उत्तरं दोनच आली, 'हो' आणि 'नाही'. ती देणाऱ्यांपैकी कोणीही बायबल किंवा कुराण उघडून पाहिलेलं नव्हतं, पण आवाज मात्र चढे होते. खरं उत्तर 'हो, पण...' असं आहे, आणि त्या 'पण'च्या मागे चौदाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा आपल्या मुंबई-गोव्यात आणि कोकणात घडलाय. शनिवार मोकळा होता, म्हटलं लिहून काढू.

आमचं गाव कोल्हार. नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला गेला असाल तर प्रवरेच्या पुलावरून आमच्या गावातूनच गेला आहात. भगवतीमातेचं देऊळ ही गावाची ओळख. पण श्रीरामपूर-राहुरी-राहाता या सगळ्या पट्ट्यात ख्रिस्ती वस्तीही बरीच आहे (अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालीच येऊन पोचलं होतं), आणि मुसलमान मोहल्ले तर गावोगावी. त्यामुळे आमच्याकडच्या शाळेच्या हजेरीपटावर एक गंमत दिसते. एक दाऊद असतो, एक डेव्हिड असतो. एक मरियम, एक मेरी. एक युसूफ, एक जोसेफ. एक अय्यूब आणि एखाद्या जुन्या वळणाच्या घरातला ईयोब. म्हणजे सगळी तीच माणसं! मराठी बायबलात जो मोशे आहे तोच कुराणातला मूसा. अब्राहाम म्हणजे इब्राहिम, शलमोन म्हणजे सुलेमान, योना म्हणजे यूनुस. कुराणात सर्वांत जास्त वेळा येणारं माणसाचं नाव मूसाचं आहे, जवळजवळ १३६ वेळा. आणि नावानिशी उल्लेख असलेली एकमेव स्त्री म्हणजे मरियम. तिच्या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, एकोणिसावा. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात जी गर्दी लोटते तिला हे क्वचितच माहीत असतं, की कुमारी मातेच्या पोटी येशू जन्मला यावर मोहल्ल्यातल्या माणसाचाही धर्माने विश्वासच असतो.

तर पहिला भाग 'हो'चा. इस्लाममध्ये श्रद्धेची जी कलमं आहेत, त्यांत अल्लाहने पाठवलेल्या ग्रंथांवर विश्वास हे एक कलम आहे. ग्रंथ 'अनेक', नुसतं कुराण नव्हे. मूसाला दिलेली तौरात, दाऊदला दिलेली जबूर, ईसाला दिलेली इंजील, शिवाय इब्राहिमला दिलेली काही पानं. यातलं एखादं देवाने पाठवलंच नव्हतं असं म्हणणारा मुसलमान राहत नाही. मूसा किंवा ईसा यांचं नाव घेताना 'अलैहिस्सलाम' जोडायचं ते यामुळेच. ज्यू आणि ख्रिस्ती हे 'अहले किताब', ग्रंथवाले. त्यांनी कापलेलं मांस चालतं, त्यांच्या मुलीशी लग्न चालतं. यावर नंतर फिकहवाल्यांनी अटी घातल्या, पण पाया कुराणातलाच.

आता 'पण'.

आमच्या धंद्यातला माणूस इथे पटकन म्हणेल, समजलं, हे व्हर्जन अपग्रेड आहे. तोरा १.०, बायबल २.०, कुराण ३.०, जुनी व्हर्जन्स डिप्रिकेटेड. हे चटपटीत आहे, पण बसत नाही. कारण मुसलमानांच्या दृष्टीने मूळ संदेश बदललेलाच नाही. देव एक, त्याला शरण जा, हेच आदमपासून सगळ्या पैगंबरांनी सांगितलं. कायदेकानू काळाप्रमाणे बदलले, गाभा तोच. मग नवा ग्रंथ कशाला? कारण आधीच्या लोकांच्या हातात जे राहिलं ते जसं पाठवलं तसं राहिलं नाही. कुराण स्वतःला आधीच्या ग्रंथांचा साक्षीदार म्हणवतं आणि त्यांच्यावरचा राखणदारही. आमच्या भाषेत बोलायचं तर तो नवीन रिलीज नसून चेकसम आहे. पुढे पंडितांनी याचे तीन कप्पे केले. कुराणाशी जुळतं ते खरं धरायचं, विरोधात जातं ते सोडायचं, आणि ज्याबद्दल कुराण काहीच बोलत नाही त्याला खरंही म्हणायचं नाही आणि खोटंही नाही. हा तिसरा कप्पा मला फार आवडतो. 'माहीत नाही' असं अधिकृतपणे म्हणायची सोय किती ठिकाणी असते?

अजून एक गोष्ट, जी दोन्ही बाजूंचे लोक वाद घालताना विसरतात. मुसलमान 'इंजील' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ईसावर वरून उतरलेला एक ग्रंथ असतो. ख्रिस्ती माणसाकडे मत्तय, मार्क, लूक, योहान अशी चार शुभवर्तमानं आहेत, म्हणजे येशूबद्दल इतरांनी दिलेली साक्ष. येशूने स्वतः ग्रंथ आणला असा त्याचा दावाच नाही, त्याच्या लेखी येशू हाच देवाचा शब्द. त्यामुळे मुसलमान विचारतो, "मूळ इंजील कुठंय?" आणि ख्रिस्ती माणसाला प्रश्नच कळत नाही. शब्द एक, वस्तू दोन. मग येशू देवाचा पुत्र की पैगंबर, क्रूसावर मेला की नाही, हे मोठे मतभेद आहेतच.

'हातात जसंच्या तसं राहिलं नाही' याला शब्द आहे तहरीफ. फिरवाफिरव म्हणा. कुराणात काही ग्रंथवाल्यांवर शब्द जागचे हलवल्याचा आरोप आहे. पण हलवले म्हणजे काय केलं? लिहिलेला मजकूरच बदलला, की मजकूर तोच ठेवून अर्थ वाकडा लावला? इथे मुसलमान विद्वानांमध्येच उभी फूट आहे, आणि आपल्याकडच्या टीव्ही चर्चांत ती कधीच दिसत नाही. स्पेनमधल्या कॉर्डोबाचा इब्न हज्म (९९४-१०६४) कट्टर 'मजकूर बदलला'वाला. गडी तोरा घेऊन बसला आणि त्यातले आकडे, वयं, शिरगणत्या तपासून विसंगती काढत गेला. आजच्या भाषेत पक्का टेस्टर. उलट इब्न खल्दूनला (१३३२-१४०६) इस्रायली सैन्याचे फुगवलेले आकडे पटत नव्हते, पण एखादा धर्मसमाज आपलाच पवित्र ग्रंथ ठरवून बदलेल हेही त्याला पटत नव्हतं. आणि दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३-१७६२) यांचं मत असं की गडबड भाषांतरात आणि अर्थ लावण्यात झाली, मूळ तौरातीच्या मजकुरात नाही.

यात माझा लाडका माणूस अल्-बिरूनी. हो, तोच, गझनीच्या महमूदाच्या काळात भारतावर ग्रंथ लिहिणारा. जुन्या लोकांच्या कालगणनांवरच्या आपल्या पुस्तकात त्याने आदमपासून जलप्रलयापर्यंत किती वर्षं गेली हे मोजायला घेतलं, आणि त्याला तौरात एक नाही, तीन सापडल्या. ज्यूंची हिब्रू प्रत, ख्रिस्त्यांची ग्रीकवरून आलेली, आणि समारिटन नावाच्या छोट्या पंथाची. हिब्रूप्रमाणे १६५६ वर्षं येतात, समारिटनप्रमाणे १३०७, ग्रीकप्रमाणे बावीसशेच्या वर. आकडे आजही पडताळता येतात, उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात नुसत्या बेरजा करायच्या आहेत. हजार वर्षांपूर्वी या माणसाने तीन प्रतींचा डिफ काढला होता!

संशय होता म्हणून वापर थांबला, असंही नाही. कुराण गोष्टी फार थोडक्यात सांगतं, तपशील गाळतं. मग जुन्या भाष्यकारांनी ते ज्यू-ख्रिस्ती परंपरेतून भरून घेतले. अशा मजकुराला 'इस्राईलियात' म्हणतात. बकरी ईदचंच घ्या. इब्राहिमने कोणत्या मुलाची कुर्बानी द्यायला घेतली? कुराणात नाव नाही. बायबल म्हणतं इसहाक. आज कोणत्याही मुसलमान मित्राला विचारा, तो इस्माईलच सांगेल. पण तबरीसारख्या (मृत्यू ९२३) बड्या भाष्यकाराने दोन्ही बाजूंच्या परंपरा मांडून शेवटी कौल इसहाकच्या बाजूने दिला होता. काही शतकांनी इब्न कसीर (मृत्यू १३७३) वगैरे मंडळींनी हा उधारीचा माल बाहेर काढायला सुरुवात केली, आणि इस्माईल पक्का झाला. काही माल मात्र निघाला नाही. युसूफवर भुललेल्या त्या बाईचं जुलेखा हे नाव ना कुराणात आहे ना बायबलात, पण विजापूरच्या आंधळ्या हाशमीने तिच्यावर दख्खनीत अख्खं काव्य रचलं.

असो. हे सगळं पंडितांचं झालं. पुस्तकातल्या एका शब्दाने माणसाच्या मानेला काय फरक पडतो, त्याची गोष्ट कोकणातली आहे.

बेने इस्रायली म्हणजे आपले 'शनिवार तेली'. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, मराठी बोलणारे ज्यू. आडनावं दिवेकर, केहिमकर, गावावरून. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०-८४) इंग्रजांच्या मुंबई फौजेतला सामुएल इझिकेल दिवेकर, ऊर्फ सामाजी हसाजी, टिपूच्या कैदेत सापडला. बेने इस्रायलींच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं : कैद्यांना जात विचारली गेली. यांनी सांगितलं, बेने इस्रायल. ते टिपूच्या आईच्या कानावर गेलं. कुराणात 'बनी इस्राईल'चा उल्लेख किती वेळा येतो, पण जिवंत माणूस कधी पाहिलेला नाही, तेव्हा यांना मारू नका, असं तिने सांगितलं. जीव वाचला. सुटका झाल्यावर दिवेकरने १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधलं. त्याचं नाव शआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. मराठी ज्यू त्याला काय म्हणायचे? 'जुनी मशीद'! हार्बर-सेंट्रलवरचं मस्जिद स्टेशन या मशिदीवरून ओळखलं जातं असं सांगतात, आणि शेजारचा रस्ता सॅम्युअल स्ट्रीट आहेच.

टिपूच्या आईची कथा तंतोतंत अशीच घडली का, ते सोडा. समाजाने ती जपली, यात मला जास्त रस आहे. हाईम सामुएल केहिमकरांनी आपल्या लोकांचा जो इतिहास लिहिला (छापला गेला १९३७ साली), त्यात 'यहुदी' न म्हणवता 'बेने इस्रायल' म्हणवून घेण्यामागेही असंच कारण दिलंय. मुसलमान शेजाऱ्यांत 'यहुदी' शब्दाला कडवट चव होती, 'बनी इस्राईल'ला नव्हती. कुराण बनी इस्राईलवर टीकाही कमी करत नाही, पण देवाची कृपा झालेले लोक म्हणूनही त्यांची आठवण काढतं. आपण शेजाऱ्याच्या ग्रंथात कोणत्या नावाने आहोत, हे त्या तेल्यांनी बरोबर हेरलं होतं.

याच्या दोनशे वर्षं आधीचा एक प्रसंग गोव्याकडून निघतो. अकबराने गोव्याच्या जेझुइटांना पत्र पाठवून विद्वान पाद्री आणि त्यांचे ग्रंथ मागवले. रोडोल्फो आक्वाविवा, मोन्सेराते आणि हेन्रिकेस हे तिघे १५७९च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले आणि दमणमार्गे फेब्रुवारी १५८०च्या शेवटी फतेहपूर सिक्रीला पोचले. नजराणा होता अँटवर्पला छापलेल्या बहुभाषी बायबलचे जाडजूड खंड, हिब्रू, ग्रीक, लॅटिन वगैरे शेजारी शेजारी. मोन्सेराते लिहितो की बादशहाने डोक्यावरचा साफा काढून एकेक खंड कपाळी लावला, त्याचं चुंबन घेतलं, आणि यातलं इंजील कोणतं ते विचारून त्याला जास्त मान दिला. मुसलमान बादशहाने हे करणं विचित्र नव्हतं, इंजील ही देवाची देणगीच. अबुल फझलला भाषांतराचं काम सांगितलं गेलं, शाहजादा मुराद शिकायला बसला. बदायुनीने हे सगळं दात-ओठ खात नोंदवलंय.

मग दरबारात चर्चा सुरू झाल्या आणि दुसऱ्याच फेरीत गाडी तिथेच अडली. मुल्ला म्हणाले, तुमच्या हातातलं इंजील ते नव्हे. पाद्री म्हणाले, मग ते कोणी, कधी, कुठे बदललं? प्रती तर देशोदेशी पसरलेल्या. हा प्रतिप्रश्न वजनदार आहे. पैगंबरांच्या आधीची, चौथ्या शतकातली बायबलची हस्तलिखितं आज आपल्यापुढे आहेत आणि त्यांतलं बायबल ढोबळमानाने आजचंच आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्या तर त्याहून जुन्या. यावर मुसलमान पक्षाचं उत्तर असतं की बदल त्याही आधी झाला. ते खोडून काढता येत नाही, पण सिद्धही करता येत नाही.

आक्वाविवाचं पुढे काय झालं? १५८३ साली तो गोव्याला परतला आणि त्याच जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळीला मारला गेला. देवळं पाडलेल्या गावात तो इतरांबरोबर चर्चसाठी जागा बघायला गेला होता. सिक्रीत तो पाहुणा होता आणि मुल्लांशी वाद घालून सुखरूप झोपायचा. कुंकळ्ळीत त्याच्यामागे पोर्तुगीज सत्ता होती. लोक ग्रंथावरून एकमेकांना मारतात असं आपण सहज म्हणतो, पण बहुतेक वेळा ग्रंथासोबत कोण आलंय ते बघावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात नेमकं तेच बदललं. आता मिशनऱ्यामागे कंपनी सरकार होतं आणि हातात छापखाना. मुंबईत जॉन विल्सनने (विल्सन कॉलेजवाले) १८३१ साली मोरोभट दांडेकरांशी वाद केला हे आपल्याकडे निदान इतिहासाच्या पुस्तकात येतं. पण १८३०च्याच दशकात त्याची इस्फहानच्या हाजी मुहम्मद हाशिमशी पुस्तकी लढाई झाली, ती मराठीत कोणी फारशी सांगत नाही. उत्तर, प्रत्युत्तर, पुन्हा उत्तर. अगदी फोरमवरच्या थ्रेडसारखं, फक्त प्रत्येक पोस्टला काही महिने लागत.

खरा धमाका १० आणि ११ एप्रिल १८५४ला आग्र्यात झाला. एका बाजूला जर्मन मिशनरी फांडर, दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि त्यांचे साथीदार डॉ. वझीर खान. हे डॉक्टर वैद्यकी शिकायला इंग्लंडला जाऊन आलेले, आणि युरोपातल्या पंडितांनी बायबलच्या प्रतींवर, त्यांतल्या पाठभेदांवर लिहिलेली पुस्तकं त्यांच्याकडे होती. फांडर जुन्या मुद्द्यांची तयारी करून आला होता. यांनी त्याच्यासमोर त्याच्याच देशातल्या विद्वानांची पुस्तकं उघडली. नकलकारांच्या चुका हजारोंनी आहेत, योहानाच्या पहिल्या पत्रातलं त्रैक्याचं प्रसिद्ध वचन मागाहून घातलंय, हे फांडरला कबूल करावं लागलं. त्याने गाभा शाबूत असल्याचं सांगून पाहिलं. मौलाना म्हणाले, एका ठिकाणी बदल मान्य म्हणजे ग्रंथ शंकास्पद. पुढचे विषय आलेच नाहीत, दोन दिवसांत सभा संपली. तीन वर्षांनी, १८५७ साली, आपल्याकडे विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भिडले, तेव्हा हा आखाडा देशभर तापलेलाच होता.

१८५७च्या उठावानंतर रहमतुल्लाह परागंदा झाले आणि मक्केत स्थायिक झाले. १८६४ साली त्यांचा 'इझहार-उल्-हक' अरबीत छापला गेला. आज जगात कुठेही एखादा मुसलमान वक्ता बायबलातल्या विसंगती पाठ म्हणून दाखवतो, तेव्हा तो बहुधा याच पुस्तकाच्या भांडवलावर धंदा करत असतो. मला मात्र या विजयात एक खोट दिसते. पाठभेद आहेत म्हणून ग्रंथ बाद, हा नियम लावला तर तो सगळीकडे लागतो. कुराणाच्याही सुरुवातीला वेगवेगळ्या प्रती होत्या. तिसरे खलिफा उस्मान यांनी एक प्रमाण प्रत करून बाकीच्या जाळायला सांगितल्या, हे इस्लामी परंपराच सांगते. एकीकडे सगळ्या ब्रँचेस ठेवल्या, म्हणून फरक दिसतात. दुसरीकडे लवकर मर्ज करून जुन्या ब्रँचेस उडवल्या, म्हणून दिसत नाहीत. दोन्ही पद्धतींचे फायदे-तोटे आहेत, पण दुसऱ्याच्या लॉगमध्ये कमिट्स जास्त दिसतात म्हणून त्याचा कोड खोटा ठरत नाही.

त्याच धुमश्चक्रीत एक माणूस उलट दिशेने चालत होता, सर सय्यद अहमद खान. अलीगढवाले सर सय्यद सगळ्यांना माहीत असतात, पण १८६०च्या दशकात गाझीपूरला सरकारी नोकरी करताना त्यांनी चक्क बायबलवर भाष्य लिहायला घेतलं, 'तबयीन-उल्-कलाम'. त्यासाठी ज्यू शिक्षक ठेवून हिब्रू शिकले. मजकूर उर्दूत, सोबत इंग्रजी. त्यांची भूमिका अशी की मुसलमानाने बायबलला शत्रूचा दस्तऐवज म्हणून वाचायचं कारण नाही, तो त्याच्याही वारशाचा भाग आहे. फिरवाफिरव झाली ती मुख्यतः अर्थाची. पाठभेद आहेत, हे त्यांनी लपवलं नाही, फक्त पाठभेद म्हणजे लबाडी असं धरलं नाही. प्रत्येक वचनाखाली ते कुराणातलं जुळणारं वचन आणून ठेवत गेले.

पाद्र्यांना ते फार रुचलं नाही, कारण शेवटी त्यात येशू पैगंबरच होता. मौलवींना तर नाहीच. उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय आणि मत्तयाचे पहिले पाच एवढं छापून झालं, आणि तिथेच काम थांबलं. पाचवा अध्याय म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनाची सुरुवात. त्याच्या पुढचं कोणी लिहिलं नाही.